होळी आणि आखाजी यांच्या दरम्यान : खानदेशातील ईस्टर

ख्रिस्ती वर्षातील सर्वांत जुना सण नाताळ नसून ईस्टर हा आहे. ख्रिस्तजन्माचा दिवस २५ डिसेंबरला पाळला जात असल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा रोमचा असून तो चौथ्या शतकातील आहे, तर येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा उत्सव कोणत्या दिवशी करावा यावरून आशिया मायनरमधील मंडळ्या आणि रोमची मंडळी यांच्यात दुसऱ्या शतकातच मोठा वाद झाला होता. सण रुजलेला असल्याखेरीज त्याच्या तिथीवरून वाद होत नाही. अशा या जुन्या सणाला खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या मुलखात, तुलनेने फार थोडा इतिहास आहे, तरीही त्या थोड्या काळात त्याच्या आनंदाला जो आकार आला तो लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. हा आकार चर्चच्या इमारतीने घडवलेला नाही आणि मिशनऱ्यांच्या मूळ देशांतील प्रथांनीही फारसा घडवलेला नाही. चैत्राची पहाट, मराठी पद आणि मोकळे मैदान या तीन गोष्टींनी तो घडवला, आणि त्या तिन्ही गोष्टी या भूमीवर आधीपासून होत्या.

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते याचे कारण तिच्या गणितात सूर्य आणि चंद्र दोघांचाही भाग आहे. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरवले, आणि पुढे जो नियम रूढ झाला तो असा, की वसंतसंपाताच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा रविवार. वसंतसंपात २१ मार्च मानलेला असल्यामुळे पाश्चात्य मंडळ्यांचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. हीच गोष्ट पंचांगाच्या भाषेत सांगायची तर ईस्टर साधारणपणे फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो, म्हणजे खानदेशी माणसाच्या वर्षात तो होळी आणि आखाजी यांच्या मधल्या जागेत बसतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. ती खानदेशातील शेतीच्या वर्षाची सीमारेषा आहे, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल त्या सुमारास संपते आणि नवे ठरते, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि गौराईची अहिराणी गाणी घराघरांतून ऐकू येतात. २००८ साली हे सान्निध्य इतके जवळचे झाले की होळी आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन्ही २१ मार्चलाच आले आणि २३ मार्चला ईस्टर झाला. याउलट २०१९ साली आकाशातील पौर्णिमा २१ मार्चला पूर्ण झाली असली तरी चर्चच्या ठरावीक कोष्टकात ती २० मार्चला मांडलेली होती, आणि या एका दिवसाच्या फरकामुळे ईस्टर पुढच्या पौर्णिमेनंतर, २१ एप्रिलला गेला. चंद्रावर चालणाऱ्या सणांची ज्या समाजाला सवय आहे त्याला अशी सरकणारी तारीख परकी वाटण्याचे कारण नव्हते; ठरलेल्या इंग्रजी तारखेला येणारा नाताळच खरे तर अधिक परका होता.

सणाच्या नावांतही त्याचा इतिहास आहे. ‘ईस्टर’ हा शब्द इंग्रजी मुलखातला. आठव्या शतकातील बीड या इंग्रज भिक्षू-इतिहासकाराने तो वसंतातील एका महिन्याच्या जुन्या नावाशी आणि त्या महिन्याच्या देवीशी जोडला आहे. युरोपातील बहुतेक इतर भाषांत मात्र हिब्रू ‘पेसाह’ या शब्दावरून आलेले ‘पास्का’ हे नाव चालते, आणि कोकणी कॅथलिक समाजातही तेच आहे. पेसाह हा यहुद्यांचा सण, ईजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण; मराठी बायबलमध्ये त्याला ‘वल्हांडण’ म्हटले आहे आणि तो शब्द ओलांडणे या अर्थाच्या जुन्या मराठी क्रियापदावरून आला आहे. मरणदूत इस्राएल लोकांची घरे ओलांडून पुढे गेला ही मूळ कथा, आणि ख्रिस्ताने मरण ओलांडले हा तिचा ख्रिस्ती अर्थ. एका शब्दात दोन्ही अर्थ इतक्या सहज मावणे ही भाषांतरकारांची मोठी कमाई म्हटली पाहिजे. ‘पुनरुत्थान’ हा दुसरा शब्दही विचारपूर्वक निवडलेला आहे. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात जातो आणि चक्र चालू राहते, तर पुनरुत्थानात तोच मनुष्य, आपल्या जखमांच्या खुणांसह, उठून उभा राहतो आणि त्याला पुन्हा मरण नसते. पुनर्जन्माची कल्पना घरोघर परिचित असलेल्या समाजात हा भेद स्पष्ट करणे आवश्यक होते, आणि उपदेशकांचे ईस्टरचे प्रवचन त्या भेदाभोवती फिरत राहिले यात नवल नाही.

शुभवर्तमानांतील कथा थोडक्यात अशी आहे. शुक्रवारी येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले, अरिमथाईकर योसेफाने त्याचे शरीर खडकात खोदलेल्या कबरेत ठेवले, तोंडाशी मोठी धोंड लोटली, आणि शनिवारचा शब्बाथ सरल्यावर रविवारी अगदी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे गेल्या तेव्हा धोंड लोटलेली आणि कबर रिकामी होती. चारही शुभवर्तमानांत नाव येणारी मग्दालीया मरीया ही या घटनेची आद्य साक्षीदार आहे, आणि पुरुष शिष्यांनी स्त्रियांचे बोलणे प्रथम खरे मानले नाही असे लूक नमूद करतो. पहाट, स्त्रिया आणि कबरस्थान हे कथेचे तीन घटक खानदेशातील उत्सवात पुढे कसे उतरले हे पाहण्याआधी तो सण येथे आला कोणत्या वाटांनी हे पाहावे लागते.

पेशवाई संपल्यावर १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे कारभाराचे ठाणे केले, आणि १८२५ पासून जेम्स आऊटरम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभी केली. या लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांचा ईस्टर हा त्यांच्या छावण्यांपुरता आणि बंगल्यांपुरता राहिला; आसपासच्या गावांवर त्याचा ठसा उमटला नाही. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना त्या शहरांचीच नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने पूर्व आणि पश्चिम हा भेद केवळ कारभाराचा नव्हता. पूर्वेकडे तो रेल्वेबरोबर आणि दुष्काळाच्या मागोमाग आला, पश्चिमेकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांतून वाढला, आणि या दोन्ही भागांतील ईस्टरला वेगवेगळा सूर लागला.

रेल्वेची वाट भुसावळची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात तेथे पोहोचला, नागपूर आणि जबलपूर या दोन दिशांना फाटा फुटणारे ते जंक्शन झाले, आणि इंजिनचालक, गार्ड, कारागीर म्हणून आलेल्या अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि इतर कुटुंबांची वसाहत तेथे उभी राहिली. या वसाहतीचा ईस्टर मुळात इंग्रजी आणि लॅटिनमधला होता. उत्तम शुक्रवारचा क्रूसाची खूण असलेला गोड पाव आणि ईस्टरची मार्झिपानची, म्हणजे बदाम आणि साखर वाटून केलेली, अंडी या गोष्टी अशाच घरांतून या भागात आल्या. कॅथलिक उपासनेत ईस्टरचा गाभा म्हणजे शनिवारच्या रात्रीचे जागरण : अंधारात नवा अग्नी पेटवला जातो, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावली जाते, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातील मेणबत्ती पेटत जाते, आणि उत्पत्तीपासूनची वचने वाचून झाल्यावर चाळीस दिवस न गायिलेला हालेलूयाचा घोष पुन्हा होतो. परंतु हे जागरण कित्येक शतके प्रत्यक्षात शनिवारी सकाळी, भर उजेडात उरकले जात होते, त्यामुळे अंधारातून उजेडाकडे जाण्याचा त्याचा अर्थच झाकला गेला होता. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली ते रात्री करण्यास प्रायोगिक परवानगी दिली आणि १९५५ च्या सुधारणेने, १९५६ पासून, ते सर्वत्र रात्रीच करण्याचा नियम झाला. पुढे १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेची दारे उघडली आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतील मुख्य यज्ञविधी, मराठीत होऊ लागली. या दोन निर्णयांमध्ये जेमतेम दहा-पंधरा वर्षांचे अंतर आहे, पण खानदेशातील मराठी कॅथलिकाला ईस्टरची रात्र आणि ईस्टरची भाषा त्या थोड्या वर्षांतच मिळाली. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि जळगाव, धुळे व आजचा नंदुरबार हे तिन्ही त्यात आले.

प्रोटेस्टंट वाट अधिक रुंद होती आणि तिच्या आरंभी एक विरोधाभास आहे. मराठी मुलखात सर्वांत आधी काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले; ते न्यू इंग्लंडमधील प्युरिटन परंपरेतले होते, आणि त्या परंपरेत ईस्टर पाळलाच जात नसे. बायबलमध्ये ज्या सणाची आज्ञा नाही तो माणसांनी लावू नये, प्रत्येक रविवार हाच पुनरुत्थानाचा दिवस आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि अमेरिकेतील अशा मंडळ्यांत ईस्टर सर्रास साजरा होऊ लागला तो तेथील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतरच्या दशकांत. म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढ्यांना ज्यांच्याकडून धर्म मिळाला त्यांच्याकडे देण्यासाठी ईस्टरची प्रथा फारशी नव्हतीच. हा अभाव पुढे उपकारकच ठरला असे म्हणावेसे वाटते, कारण तयार साचा नसल्यामुळे मराठी माणसांना या सणासाठी आपली गाणी आणि आपली रीत घडवावी लागली.

खानदेशात आणि वऱ्हाडात नंतर आलेली ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही संस्था कॅनेडियन धर्मोपदेशक ए. बी. सिम्पसन यांनी अमेरिकेतील मेन राज्यात ओल्ड ऑर्चर्ड येथे १८८७ साली स्थापन केलेल्या दोन मंडळांच्या १८९७ मधील विलीनीकरणातून बनली. अकोल्याचे केंद्र धरून तिचे काम भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेमार्गावरील गावांत पसरले, आणि त्याच सुमारास १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. यांपैकी दुसरा विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे लोकस्मृतीत ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून राहिला. आईबाप गमावलेली मुले मिशनांच्या अनाथगृहांत वाढली, त्यांच्यातूनच पुढे शिक्षक, उपदेशक, परिचारिका आणि बायबल-स्त्रिया, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया, तयार झाल्या. दुष्काळ, धर्मांतर आणि अन्न यांच्या संबंधावर तेव्हापासून आजवर बरेच बोलले गेले आहे आणि त्यातील काही टीका गांभीर्याने घ्यावी अशीच आहे. पण ज्या समाजाची पहिली आठवण कबरींची आणि उपासमारीची होती त्याने मरणावर विजयाचा सण आपला मुख्य आनंद मानला, ही गोष्ट त्या टीकेने पुसली जात नाही.

या सणाला मराठी कंठ मिळाला तो मुख्यतः नारायण वामन टिळक यांच्यामुळे. १८६१ साली जन्मलेल्या आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचा आग्रह असा होता, की ख्रिस्ती उपासनेने विलायती चालींवर बेतलेली जड भाषांतरे सोडून अभंग, पद, भजन आणि कीर्तन यांच्या वाटेने जावे. त्यांच्या पदांना ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात मोठे स्थान आहे, आणि तो संग्रह पंथभेद ओलांडून मराठी मंडळ्यांत पोहोचला असल्याने खानदेशातील उपासकांच्या हातीही तो आला. टिळकांचा या भागाशी आणखी एक धागा आहे. १९०७ साली जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली जे कविसंमेलन भरले त्यात धरणगाव येथे १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना थक्क केले आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हा मुलगा पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला, आणि त्याच्याविषयीची टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची माया त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मराठी वाचकांनी अनुभवली आहे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत; पण पहाट आणि आनंद हे ज्याच्या कवितेचे सर्वांत आवडते विषय, तो खानदेशी कवी एका ख्रिस्ती कवीच्या छताखाली वाढला, हा योगायोग जळगावच्या वाङ्मयीन इतिहासात अभिमानाने नोंदवावा असा आहे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. टिळक पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी गेले.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले आणि ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्याचा फार मोठा भाग त्यांच्याच लेखणीतून उतरला आहे. पुनरुत्थानाची कथा मराठी ओवीत सांगण्याची ही पहिली वेळ नव्हती, कारण इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले होते आणि त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र पुनरुत्थानापर्यंत आणि स्वर्गारोहणापर्यंत येते. ओवी हा छंद खानदेशात मुळात पहाटेचा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी ज्या जात्यावर जुळली त्याच जात्याची घरघर शेजारच्या ख्रिस्ती वस्तीतही होती, आणि भूपाळी, काकडआरती, वासुदेवाची फेरी असे दिवस उगवण्याआधीचे गाणे या भागातील प्रत्येक जातीच्या कानाला ओळखीचे होते. ईस्टरच्या पहाटे पदे गात निघणारी ख्रिस्ती प्रभातफेरी या जुन्या सवयीला येऊन मिळाली, म्हणून ती कोणाला शिकवावी लागली नाही.

पहाटेच्या उपासनेचे दुसरे मूळ दूरचे आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हर्नहूट येथे मोरेव्हियन पंथाचे काही तरुण १७३२ साली ईस्टरच्या दिवशी उजाडण्यापूर्वी गावच्या दफनभूमीत गेले आणि सूर्य उगवेपर्यंत तेथे गात राहिले. त्या दफनभूमीला ते देवाचे शेत म्हणत. ही रीत मोरेव्हियनांबरोबर अमेरिकेत गेली, तेथे इतर पंथांनी उचलली आणि मिशनांच्या द्वारे जगभर पसरली. देवाचे शेत या कल्पनेमागे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायातील पौलाची उपमा आहे : शरीर पुरणे म्हणजे बी पेरणे, आणि जे पेरले जाते ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही. खानदेशात ही उपमा समजावून सांगण्याची गरज पडत नाही. ईस्टरच्या सुमारास रब्बी निघालेली असते, कापसाची काळी जमीन नांगरून उन्हात तापत पडलेली असते, पावसाला अजून दोन-अडीच महिने असतात, आणि त्या उघड्या ढेकळांत काही दिसत नसतानाच शेतकरी पुढच्या बियाण्याचा हिशेब मांडत असतो.

मराठी मंडळ्यांच्या पवित्र सप्ताहाचा क्रम झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो, गुरुवारी प्रभुभोजनाच्या स्थापनेची आठवण होते, आणि उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ही वधस्तंभाच्या समोरची उपासना असते. या तीन तासांत ख्रिस्ताच्या शेवटच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकाबरोबर मंडळीतील वडील, तरुण आणि स्त्रिया यांच्या वाट्यालाही एकेक उद्गार येतो. चैत्रातले जळगावचे किंवा भुसावळचे ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना या तीन तासांचा अर्थ वेगळा सांगायला नको : पंख्याखाली भिंती धगधगत असतात, माणसे पदराने आणि रुमालाने घाम टिपत असतात, आणि ‘मला तहान लागली आहे’ या पाचव्या उद्गाराच्या वेळी उपवासाचे ओठ खरोखरीच कोरडे पडलेले असतात. शनिवार शांत जातो. मग रविवारी पहाटे चारच्या सुमारास, कुठे त्याही आधी, चर्चच्या आवारात माणसे जमू लागतात. पेटी एकाच्या गळ्यात अडकवलेली असते, ढोलकी, टाळ आणि झांजा असतात, मुलांच्या हातात मेणबत्त्या असतात आणि वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून त्यांनी कागदाचे कोन केलेले असतात. फेरी वस्तीतून जाते, दारे उघडत जातात, ‘प्रभू उठला आहे’ या हाकेला ‘खरोखर उठला आहे’ असा प्रतिसाद येतो, आणि अनेक मंडळ्यांत तिचा शेवट दफनभूमीत होतो. आदल्या एक-दोन दिवसांत तेथील गवत काढून, कबरींना चुना देऊन झालेला असतो. घरची माणसे आपापल्या कबरीपाशी फुले ठेवून उभी राहतात, आणि पूर्वेला तांबडे फुटत असताना पाळक पुनरुत्थानाचे वचन वाचतो. वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला असेल त्यांच्यासाठी ही घटका अवघड असते, आणि गाण्याचा आवाज सर्वांत मोठा होतो तोही बहुधा त्याच घटकेला. सकाळच्या मुख्य उपासनेत प्रभुभोजन होते, बाप्तिस्मे होतात, शब्बाथ शाळेच्या मुलांना अंडी वाटली जातात आणि दुपारी प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीची सामुदायिक पंगत, बसते.

पश्चिम खानदेशातील चित्र वेगळ्या रंगाचे आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० साली अमेरिकेत ‘स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन’ स्थापन केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन वंशाच्या मिशनऱ्यांनी नवापूर, नंदुरबार, अमळनेर या भागांत काम केले. सुरतहून अमळनेरपर्यंतची ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली होती, त्यामुळे हा डोंगरपायथ्याचा मुलूख बाहेरच्या जगाला एकदम जवळ आला. नंदुरबारच्या ‘एस. ए. मिशन’ हायस्कूलच्या नावात आणि चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात या काळाच्या खुणा आजही आहेत. नवापूर परिसरातील मावची आदिवासींमध्ये ख्रिस्ती मंडळ्या विशेष वाढल्या, आणि तेथील उपासनेत मराठीबरोबर मावची बोलीतील गाणीही आली.

या आदिवासी समाजात वर्षाचा सर्वांत मोठा सण होळी. सातपुड्यातील काठी या गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत भोंगऱ्या बाजार भरतात, ढोलांच्या तालावर रात्रभर फेर धरले जातात. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी होळीचे विधी आणि त्यातील मद्य सोडले, पण होळीच्या महिन्यात एकत्र येण्याची, रात्र जागवण्याची आणि पहाटेपर्यंत गाण्याची ओढ अंगात राहिलीच असणार. त्याच महिन्यात किंवा त्याच्या पुढच्या महिन्यात येणाऱ्या ईस्टरने ती ओढ आपल्यात सामावून घेतली असे मानायला बरीच जागा आहे. या बदलात काही हरवलेही आहे, कारण होळीबरोबर कुळाची आणि डोंगराची गाणीही काही घरांतून गेली, आणि ती हानी छोटी मानू नये.

येथे ऋतूचाही वाटा आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात. ती रात्री उमलून पहाटे झडतात, आणि गुरे, रानजनावरे किंवा शेजारचे लोक पोहोचण्याआधी ती वेचावी लागतात, म्हणून बायका आणि मुले अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. मग्दालीया मरीया आणि तिच्या सोबतिणी अंधार असतानाच घराबाहेर का पडल्या हे अशा पाड्यावरच्या बाईला विचारावे लागत नाही. ज्या कामाला उशीर करून चालत नाही अशा कामासाठी तीही रोज त्याच वेळी उठते. दुसरी गोष्ट रोजगाराची. नंदुरबार आणि साक्रीकडील असंख्य आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेतील बार्डोलीच्या बाजूला जातात आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. त्यांच्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ म्हणूनच पुष्कळदा परमुलखात, कोयता हातात असताना जातो. ईस्टर लवकर, मार्चमध्ये आला तर तोही तिकडेच येतो. उशिरा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला तर फड आवरत आलेले असतात आणि माणसे गावाकडे परतू लागलेली असतात. पंचांगातील पौर्णिमेचा एक फेरा पुढे-मागे झाल्याने पाड्यावरची पंगत भरते किंवा अर्धी राहते.

पूर्व आणि पश्चिम यांच्यातील हे अंतर अलीकडे कमी होत आहे. नवापूर आणि साक्रीकडील तरुण शिक्षणासाठी, नोकरीसाठी धुळ्याला आणि जळगावला येतात, शहरातील मंडळीत दाखल होतात, आणि प्रभातफेरीत पेटी-टाळाच्या जोडीला त्यांची आपली गाणी येतात. वेळेचे बंधन मात्र दोन्हीकडे सारखेच आहे. सूर्य वर आला की खानदेशातील चैत्र कोणालाही रस्त्यावर उभे राहू देत नाही, म्हणून दफनभूमीतील गाणे साधारण सातच्या आत संपते, कबरींवरच्या मेणबत्त्यांचे मेण उन्हाने मऊ व्हायच्या आत मुले उरलेले तुकडे गोळा करून घेतात, आणि मंडळी चहासाठी चर्चकडे परतते.